चव्वेचाळिसाव्या वर्षी कन्फर्मेशन: गे माणसाला चर्चमधे काय मिळतं, कुठे अडतं

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला आणि तिने हॉस्पिटलमधूनच फोन करून सांगून टाकलं, दादा, गॉडफादर तूच, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाचा धर्मपिता. मी हो म्हणून मोकळा झालो. दोन आठवड्यांनी परत फोन, आवाज जरा बारीक, की अरे फादर विचारतायत तुझं कन्फर्मेशन झालंय का, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा तो कॅथलिक विधी, त्याशिवाय गॉडफादर होता येत नाही म्हणे. नव्हतं झालं. आणि हे तर फक्त कागदाचं झालं, खरी गोष्ट ही की मी गे आहे, तेरा वर्षं एका माणसाबरोबर घोडबंदर रोडला वन बीएचकेत राहतोय, आणि चर्चच्या पायरीवर शेवटचा कधी चढलो होतो तर कुणाच्या तरी लग्नाला.

मग शोधाशोध सुरू झाली आणि लक्षात आलं की या विषयावर मराठीत कोणी सरळ काही सांगतच नाही, एक तर "चर्च तुम्हाला घेणारच नाही" किंवा मग "देव सगळ्यांवर प्रेम करतो", मधलं काही नाही. हे त्या मधल्यासाठी.

आधी रजिस्टरची गोष्ट. बाप्तिस्म्याचा दाखला काढायला मी माझ्या जुन्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंनी कपाटातून कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, माझी ओळ सापडली आणि मान वर न करता विचारलं, "कन्फर्मेशन नाय? लग्न पण नाय?" तिला कसं कळलं? तर बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर शेऱ्याची एक जागा असते. माणूस पुढे जगात कुठेही गेला, तिथे त्याचं कन्फर्मेशन झालं, लग्न झालं किंवा तो पाद्री झाला की तिथून मूळ पॅरिशला कळवतात आणि तो शेरा याच ओळीपुढे चढतो. आमच्या रेशनकार्डापेक्षा ही सिस्टीम जास्त चोख आहे. माझ्या ओळीपुढची जागा ४४ वर्षं कोरी.

तर साक्रामेंत, म्हणजे चर्चचे मुख्य पवित्र विधी, सात. बाप्तिस्मा, कन्फर्मेशन म्हणजे दृढीकरण, कम्युनियन म्हणजे मिसात रांगेत जाऊन ख्रिस्तप्रसाद घेणं, कन्फेशन म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, आजाऱ्याला तेल लावणं, लग्न आणि गुरुदीक्षा म्हणजे पाद्री होणं. यातले बाप्तिस्मा, कन्फर्मेशन आणि गुरुदीक्षा आयुष्यात एकदाच, ते पुसले जात नाहीत आणि परत देता येत नाहीत. म्हणजे तुम्ही तीस वर्षं चर्चला गेला नसाल, देवाला शिव्या घातल्या असतील, तरी लहानपणी डोक्यावर पाणी पडलंय तर तुम्ही बाप्तिस्मा झालेलेच, परत पहिलीपासून सुरू करायला कोणी सांगत नाही. हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं एवढ्या वर्षांत मेंबरशिप लॅप्स झाली असणार.

माझं गणित साधं होतं. जन्मल्यावर बाप्तिस्मा, तिसरीत फर्स्ट होली कम्युनियन, पांढरा सफारी घालून फोटो वगैरे. आमच्याकडे कन्फर्मेशन साधारण नववी-दहावीत होतं, आणि त्या क्लासमधे एका सरांनी एका रविवारी "तसल्या" माणसांबद्दल जे काही हसत हसत सांगितलं ते ऐकून मी पुढच्या रविवारी क्लासला न जाता तलावपाळीवर बसून राहिलो, घरी सांगितलं क्लास झाला. मग त्याच्या पुढच्या रविवारी पण. संपलं.

आता मुद्द्याचं. चर्च गे माणसाबद्दल नक्की काय म्हणतं हे मी कॅटेकिझम उघडून वाचलं, म्हणजे १९९२ साली निघालेलं चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, त्यात २३५७ ते २३५९ हे तीन परिच्छेद आहेत. पहिल्यात म्हटलंय की समलैंगिक संबंध हे मुळातच चुकीचे, आणि जो शब्द वापरलाय तो वाचून पोटात खड्डा पडतो, मी गोड करून सांगणार नाही. दुसऱ्यात म्हटलंय की अशा माणसांना आदराने, करुणेने, नाजूकपणे स्वीकारा आणि अन्यायाचा भेदभाव दिसता कामा नये. तिसऱ्यात म्हटलंय की यांनी ब्रह्मचर्याने राहावं. बारकाईने बघा, चर्च ज्याला पाप म्हणतं ते कृतीला. ओढ असणं, गे असणं, हे चर्चच्या स्वतःच्या शिकवणीतसुद्धा पाप नाही, त्यामुळे "मी गे आहे" हे कन्फेशनमधे कबूल करायची गोष्टच नाही. मला ही विभागणी पटते का? नाही, प्रेमाचे असे तुकडे करता येतात यावर माझा विश्वास नाही. पण तुम्हाला फादरसमोर बसायचं असेल तर त्यांच्या पुस्तकात काय आहे ते त्यांच्याइतकंच माहीत असावं, नाहीतर कोणीही काहीही ऐकवतं.

आणि ऐकवतातच. पहिल्यांदा मी एका फादरना फोन केला, कुठले ते राहू दे, त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला की आधी त्या माणसाला सोड, मग ये. मी फोन ठेवला आणि महिनाभर विषय काढला नाही. आमचे हे म्हणाले, हे जन्माने कोकणस्थ, चर्चशी संबंध फक्त नाताळच्या कलकल आणि मार्झिपॅनपुरता, तर हे म्हणाले की बँकेत एका ब्रँचने नाही म्हटलं तर दुसऱ्या ब्रँचमधे जातोच ना आपण. उदाहरण वाईट आहे पण तर्क बरोबर.

चर्चचा कायदा, कॅनन लॉ, त्याचं ८४३ क्रमांकाचं कलम सांगतं की माणसाने योग्य वेळी मागितलं, त्याच्या मनाची योग्य तयारी असेल आणि कायद्याने त्याला बंदी नसेल, तर पाद्रीला साक्रामेंत नाकारता येत नाही. नाकारता येत नाही असं लिहिलंय. गे असणं ही कायद्यातली बंदी नाही. म्हणजे सगळा खेळ त्या मधल्या शब्दावर आला, तयारी. ही तयारी म्हणजे श्रद्धा हवी, थोडंफार शिक्षण हवं, आणि चर्च ज्याला गंभीर पाप मानतं ते सोडायची इच्छा हवी. तुम्ही एकटे असाल तर तुमच्यात आणि इतर कोणत्याही परतून आलेल्या माणसात कायद्याने काही फरक नाही. जोडीदार असेल तर प्रश्न इथे येऊन थांबतो, आणि तो खरंच थांबतो, त्याला बायपास नाही.

कन्फेशनबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळे इथेच घाबरतात. मोठ्या वयात परत येताना कन्फर्मेशन असो की कम्युनियन, आधी कन्फेशन लागतं. गंभीर पाप कशाला म्हणायचं याला कॅटेकिझममधे तीन अटी आहेत, गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पूर्ण माहीत हवं, आणि पूर्ण मनाने केलेली हवी. तिन्ही लागतात. माफी मिळायला पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा इरादा लागतो. इरादा म्हणजे गॅरंटी नव्हे, हे मला ज्या म्हाताऱ्या फादरनी समजावलं त्यांनी सांगितलं, म्हणाले उद्या पडणार हे माहीत असलेला माणूससुद्धा आज उठायचं ठरवू शकतो. इरादाच नाही असं तुम्ही स्पष्ट म्हणालात तर फादर माफी थांबवू शकतात. काही फादर प्रश्नावर प्रश्न विचारतात, काही तुमच्या सदसद्विवेकावर सोडतात, आणि हा फरक तुम्ही कोणत्या दारात जाता यावर अवलंबून असतो, हे चर्चमधे सगळ्यांना माहीत असतं पण कोणी छापत नाही.

इथे एक अगदी प्रॅक्टिकल गोष्ट. कन्फेशनमधे बोललेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, बिशपला नाही, पोलिसांना नाही, तुमच्या आईला तर नाहीच, मुद्दाम फोडलं तर पाद्री त्याच क्षणी चर्चच्या बाहेर फेकला जातो. पण हे बंधन फक्त कन्फेशनला. पॅरिश ऑफिसात चहा पिताना सांगितलेलं त्या सीलखाली येत नाही, ते फादरच्या चांगुलपणावर. त्यामुळे नाजूक जे काही असेल ते आधी कन्फेशनमधे. आणि ते स्वतःच्याच पॅरिशमधे केलं पाहिजे असं मुळीच नाही. ठाण्याची अर्धी जनता बुधवारी माहीमच्या चर्चमधे नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते, तिथे तुमची मावशी कोण, तुम्ही कोणत्या सोसायटीत राहता, कोणाला पडलेली नाही. मी तेच केलं. आत मी काय बोललो ते इथे लिहिणार नाही, आणि घोडबंदरच्या वन बीएचकेत काय चालतं काय नाही तेही नाही. दोन माणसं एका छताखाली राहतात, एकमेकांच्या आईवडिलांची औषधं आणतात, यात कोणत्याही पुस्तकात पाप नाही, बाकीचं आमचं आम्हाला.

कम्युनियनचं दोन कलमांत आहे, ९१५ आणि ९१६, आणि लोक यांची खिचडी करतात. ९१६ तुमच्यासाठी, मनाला माहीत असेल की गंभीर पाप आहे आणि कन्फेशन झालेलं नाही तर रांगेत उभं राहू नका. ९१५ पाद्रीसाठी, जो माणूस उघड उघड आणि हट्टाने गंभीर पापात राहतो त्याला देऊ नका. त्यात उघडही हवं आणि हट्टही हवा. फादरनी रांगेत तुमचा चेहरा बघून आपल्या मनाने ठरवायचं, असं त्यात नाही. बहुतेक वेळा रांगेत कोणी काही विचारत नाही, पण रांगेत उभं राहायचं की नाही हे तुम्हाला बाकड्यावर बसूनच ठरवावं लागतं, आणि ते विचारण्यापेक्षा जड असतं.

जे कॅथलिक म्हणून जन्मलेच नाहीत त्यांचा रस्ता वेगळा. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर साधारण वर्षभराची तयारी असते, इतरांबरोबर बसून शिकायचं, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी बिशपसमोर नाव लागतं, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, कन्फर्मेशन, कम्युनियन तिन्ही एका दमात. गंमत म्हणजे यांना आधी कन्फेशन नाही, कारण बाप्तिस्म्याने मागचं सगळंच धुतलं जातं, पण मागच्याचा पश्चात्ताप मात्र यांनाही हवा. २०२३च्या ३१ ऑक्टोबरला पोप फ्रान्सिसच्या मंजुरीने व्हॅटिकनने ब्राझीलच्या एका बिशपच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यात स्पष्ट म्हटलं की ट्रान्स व्यक्ती, हार्मोन घेतलेले असोत की ऑपरेशन झालेलं असो, इतरांसारख्याच अटींवर बाप्तिस्मा घेऊ शकते, लोकांत गोंधळ माजण्यासारखी परिस्थिती नसेल तर. आपल्याकडची एक गोष्ट मात्र चर्चच्या कागदात सापडणार नाही, १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे, म्हणजे दलित माणसाने बाप्तिस्मा घेतला तर तो दर्जा जातो. नोकरी, शिष्यवृत्ती त्यावर असेल तर आधी विचार करा.

नवी मुंबईतल्या मल्याळी मित्रांसाठी, तुम्ही सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या वेगळ्या रीतीचे कॅथलिक, असाल तर आधी दाखला नीट वाचा, त्यांच्यात कन्फर्मेशन अनेकदा बाप्तिस्म्याबरोबरच देतात, नेरुळचा माझा एक मित्र दोन महिने क्लास शोधत होता आणि त्याचं कन्फर्मेशन तो तान्हा असतानाच झालेलं.

लग्नाचं लवकर आटपतो कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच आहे. चर्चमधे लग्न बाई आणि पुरुषाचंच. कायद्यानेही आपल्याकडे नाही, १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने ते संसदेवर सोडलं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला व्हॅटिकनने सांगितलं की समलिंगी जोडप्याला पाद्री साधा आशीर्वाद देऊ शकतो, लग्नासारखे कपडे नाहीत, विधी नाही, पुस्तकातली ठरलेली प्रार्थना नाही, आणि मग आरडाओरड झाली तेव्हा जानेवारीत खुलासा केला की हा आशीर्वाद म्हणजे दहा-पंधरा सेकंदांची गोष्ट. आमचे हे म्हणाले, सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला पण याहून जास्त वेळ लागतो.

पण लग्नाची एक दुसरी बाजू आहे, जी आपल्याकडे खूप जणांची आहे आणि कोणी बोलत नाही. घरच्यांच्या दबावाने बाईशी लग्न केलं, दहा वर्षांनी मोडलं, आता चाळिशीत परत चर्चला यायचंय. यांना वाटतं घटस्फोट झाला म्हणजे कम्युनियन बंद. तसं नाही, नुसत्या घटस्फोटाने काही बंद होत नाही. आणि ते लग्न दबावाने, भीतीने किंवा फसवून झालं असेल, किंवा तुम्ही लग्नाचं ओझं पेलायलाच असमर्थ असाल, तर चर्चच्या ट्रिब्युनलकडे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कोर्टाकडे, अर्ज करता येतो, ते तपासून सांगतात की हे लग्न मुळात झालंच नव्हतं. पुरावे लागतात, साक्षीदार लागतात, वेळ लागतो, आणि समोरच्या बाईचंही आयुष्य त्यात उघडं पडतं हे विसरू नका. सरकारी कागदावर सुटका हवी असेल तर कोर्टाचा घटस्फोट वेगळा घ्यावाच लागतो.

गे माणसाला पाद्री व्हायचं असेल तर व्हॅटिकनच्या २००५च्या सूचनेने ते दार जवळपास बंद केलंय, २०१६ मधे परत तेच सांगितलं.

आमच्याकडे वातावरण कसं आहे असं कोणी विचारलं तर मी एक गोष्ट सांगतो. ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्या आर्चडायोसिसमधे, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपच्या हद्दीत, येतात, आणि डिसेंबर २०१३ मधे सुप्रीम कोर्टाने ३७७, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम, परत जिवंत केलं तेव्हा इथले कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस जाहीरपणे बोलले होते की गे लोकांना गुन्हेगार ठरवण्याच्या बाजूने चर्च नाही. लग्नाला त्यांचा विरोध होता, तोही त्यांनी लपवला नाही. तेव्हा मी महापेला एका कंपनीत होतो, बातमी फोनवर वाचली आणि बाथरूममधे जाऊन तोंड धुतलं. त्याच ऑफिसात एक जण मला नेहमी विचारायचा, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात? १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले होते बाबा, आणि त्या आधीपासून इथे ख्रिस्ती वस्ती होती, पण जाऊ दे.

आजाऱ्याच्या तेलाबद्दल एकच. ते फक्त मरताना देतात हा गैरसमज आहे, गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, वय झाल्यावर मागता येतं. आणि मरणाच्या दारात कोणताही पाद्री कोणालाही कन्फेशनची माफी देऊ शकतो, तिथे पॅरिश, परवानगी काही आड येत नाही. पण माणूस बेशुद्ध असेल तर फादरना फोन कोण करणार? बहिणीला पोचायला वेळ लागेल. म्हणून आमच्या ह्यांच्या फोनमधे आता एक नंबर "फादर तेल" या नावाने सेव्ह आहे, डीमार्टच्या यादीसारखं वाटतं, पण आहे.

आणि शेवटी कन्फर्मेशन. म्हातारे फादर मला दर गुरुवारी संध्याकाळी तासभर बोलवायचे, पहिल्या दिवशी त्यांनी गे बद्दल काहीच विचारलं नाही, फक्त विचारलं, तुला कशाला हवंय? मी म्हटलं भाच्यासाठी. ते म्हणाले, हे कारण चार महिने टिकेल का बघू. चार महिन्यांनी कारण बदललं होतं, ते इथे सांगायला जमणार नाही मला. मग एका रविवारी बिशप आले आणि मी नववीतल्या पोरांच्या रांगेत उभा, पुढच्या मुलाच्या तोंडावर जेमतेम मिशी, माझी पांढरी. स्पॉन्सरने मागे उभं राहून उजवा हात खांद्यावर ठेवायचा असतो. माझी स्पॉन्सर मावशी, वय ७१, उंची माझ्या छातीएवढी, तिचा हात पोचेना, मग तिने माझा शर्टच मागून धरला, "खाली वाक रे बाबू." वाकलो. बिशपनी कपाळावर क्रिझम लावलं, ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम घालून दरवर्षी पवित्र आठवड्यात आशीर्वादित करतात ते. मला आमेन म्हणायचं होतं, ते मी इतक्या जोरात म्हटलं की मिशीवाला पोरगा मागे वळून हसला.

आणि गॉडफादर? नाही झालो. गॉडफादर कन्फर्म झालेला हवा आणि श्रद्धेला धरून जगणारा हवा, आणि त्याच २०२३च्या व्हॅटिकनच्या उत्तरात आहे की एखादा गे माणूस दुसऱ्याबरोबर नवराबायकोसारखा राहतो आणि ते समाजाला माहीत आहे तर गोष्ट वेगळी, तिथे शहाणपणाने बघा, पण असा माणूस बाप्तिस्म्याचा साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. बहिणीच्या पॅरिशमधे आमच्या दोघांबद्दल सगळ्यांना माहीत, तेरा वर्षं लपवलंच नाही, तर तिथल्या फादरनी शांतपणे हे कलम काढून दाखवलं. बहीण भांडायला उठली होती, मी तिला बसवलं. गॉडफादर तिचा दीर झाला, चांगला मुलगा आहे.

मी साक्षीदार. पाणी डोक्यावर पडलं तसा भाचा किंचाळला, दिराने मेणबत्ती पेटवून घेतली आणि बाळाला सांभाळताना ती त्याला धरता येईना, म्हणून माझ्या हातात दिली. मेण अंगठ्यावर ओघळलं. मागच्या बाकड्यावरून आमचे हे हळूच खुणेने सांगत होते, सरळ धर, सरळ धर. नंतर ऑफिसात बाईंनी रजिस्टरमधे नवी ओळ लिहिली, भाच्याचं नाव, आईबाप, गॉडपेरंट्स, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव लिहून झाल्यावर मला म्हणाल्या, स्पेलिंग बघून घ्या, नंतर बदलायला फार त्रास होतो.